माथेरानची गाडी नक्की कुणासाठी?

धागाकर्ता
माथेरानची मिनीट्रेन म्हणजे तोट्यातले खेळणे आहे, ती बंद करून रोपवे उभारावा, असे एका सदस्याने परवा येथे लिहिले. ते वाचून राहवले नाही. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने सोळा लाख रुपये खर्चून १९०७ साली पूर्ण केलेला हा दोन फुटी (रुळांमधले अंतर दोन फूट) मार्ग वीस फुटांमागे एक फूट असा चढ चढत नेरळहून डोंगरमाथ्यावर जातो. ते चढणेच प्रवासी पाहायला येतात. मे महिन्यात जुम्मापट्टीला गाडी थांबली की ठाकर बायका पानांच्या द्रोणांतून करवंदे घेऊन खिडकीशी येत, आणि दोन डब्यांच्या मध्ये बसलेला कर्मचारी हातब्रेकचे चाक सोडून क्षणभर घाम पुसत असे. हे मी लहानपणी पाहिले आहे. रोपवेच्या पाळण्यात बसून यातले काय दिसणार?

लोकलप्रवासी
आठवणी मलाही आहेत, पण आठवणींवर गाडी चालत नाही. मे २०१६ मध्ये डबे दोनदा घसरले आणि गाडी बंद झाली. पुढे ती सुरू झाली, तोच २०१९ च्या पावसात मार्ग वाहून गेला आणि नेरळहून वर जाणारी गाडी थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये धावली. तीन वर्षे बंद राहिलेल्या गाडीच्या भरवशावर कोणता हॉटेलवाला हंगाम आखेल?

माथेरानकर
तुम्ही दोघेही पाहुण्यांचे बोलता आहात. आमच्या गावात मोटार येत नाही, गावाबाहेर दस्तुरी नाक्यावर सगळे उतरते. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर आम्ही तिला घरी आणले, त्या रविवारी तिथल्या अमन लॉज स्थानकावरून गावात येणाऱ्या छोट्या गाडीची, म्हणजे शटलची, तिकिटे पर्यटकांनी केव्हाच संपवली होती. लाल मातीच्या चढावरून हातरिक्षा ओढणाऱ्या तिघांची दमछाक होत होती आणि आई रडत होती, गुडघ्यासाठी नव्हे, त्या माणसांसाठी. पावसाळ्यात घाटातली गाडी बंद असते, तेव्हाही शटल चालते. आमच्यासाठी खरी गाडी तीच आहे, आणि तिच्यात गावकऱ्यांसाठी जागा राखून ठेवल्या पाहिजेत.

विदर्भवासी
तुमच्याकडे निदान बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू होते. आमची शकुंतला रेल्वे कुणाला आठवते का? मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला, मिळून जवळपास १९० किलोमीटरचा अडीच फुटी मार्ग विदर्भाचा कापूस मुंबईकडे नेण्यासाठी घातला गेला. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होते. माझे आजोबा दारव्ह्याहून कारंज्याच्या बाजाराला तिनेच जात, कारण एसटीचे भाडे परवडत नसे. आज त्या रुळांवर बाभळी वाढल्या आहेत. मुंबईजवळच्या २१ किलोमीटरला वारसा म्हणायचे आणि आमच्या १९० किलोमीटरला भंगार, हा कोणता न्याय?

धागाकर्ता
शकुंतलेबद्दल आदर आहे, परंतु त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा. कपाशीच्या सपाट मुलखातली गाडी आणि घाटातली गाडी यांची तुलना होत नाही. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत माथेरान उगाच आलेले नाही.

विदर्भवासी
मुलूख सपाट म्हणून इतिहास सपाट होत नाही! शेतकऱ्याचे पोट ज्या गाडीवर चालले ती गाडी पाहायला कुणी येणार नाही, हे तुम्ही मुंबईत बसून ठरवलेत. मूर्तिजापूर ते कारंजा एवढा तुकडा तरी दुरुस्त करून आठवड्यातून दोन दिवस चालवून पाहिला असता, तर तुमचे म्हणणे मी मुकाट्याने ऐकले असते.

लोकलप्रवासी
एवढ्या लांबच्या मार्गाचे पूल कुणाच्या खर्चाने दुरुस्त करायचे, तेही सांगा. रोपवेचा आग्रह मी धरत नाही. पण आधी पावसात टिकणारा मार्ग, मग वारसा.

माथेरानकर
विदर्भवासींचे बोलणे मला झोंबले, तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. त्यांच्या आजोबांसारखे रोज चढणारे लोक सुटले, म्हणून त्यांची गाडी गेली. आमचीही तशीच जाईल, जर रविवारची सगळी तिकिटे पर्यटकच संपवत राहिले.

धागाकर्ता
राखीव जागांचे पटते. रोपवेचे मात्र मुळीच पटणार नाही.