‘मिश्र बूस्टर’ म्हणावं की आणखी काही?

कोरा कागद:
एका आरोग्यविषयक अंकासाठी लेख मराठीत आणतोय. विषय असा, की करोनाच्या आधीच्या मात्रा एका लशीच्या आणि बूस्टर दुसऱ्याच प्रकारच्या लशीचा घेतला, तर प्रौढांच्या रक्तात अँटीबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं, किती वाढतात. ‘हेटरॉलोगस बूस्टर’ला मी ‘मिश्र बूस्टर’ लिहिलं. संपादकांनी समासात भलंमोठं प्रश्नचिन्ह काढून कागद परत पाठवला. एक वाक्यही अडलंय: ‘मिश्र बूस्टरनंतर उदासीनकारी प्रतिपिंडांच्या संख्येत 6 ते 73 पट वाढ झाली.’ काय खटकतं ते सांगा. सगळंच खटकत असेल तर तसं सांगा.

पाटीपेन्सिल:
‘उदासीनकारी प्रतिपिंडं’ वाचून हनुवटीला हात लावून खिडकीत बसलेली प्रतिपिंडं डोळ्यांपुढे आली. बाकीचं जाणकार सांगतील.

जुना शब्दकोश:
मिश्र म्हटलं की एका बाटलीत कालवलेलं असं मनात येतं. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांची त्रिगुणी लस खरोखर मिश्र आहे. 2022 मध्ये आलेल्या ‘बायव्हॅलंट’ बूस्टरमध्ये मूळ विषाणू आणि ओमिक्रॉन या दोघांचे अंश एकाच कुपीत होते, ‘मिश्र’वर त्यांचाही हक्क आहे. तुमच्या लेखात मात्र काहीच कालवलेलं नाही. आधी एक लस, काही महिन्यांनी दुसरी, आणि दोघींची गाठ पडते ती थेट शरीरात. ‘मिश्र बूस्टर’ वाचून वाचक यातलं कोणतं धरेल याचा नेम नाही.

‘विजातीय’ अर्थाला धरून आहे, पण लग्नाच्या बातमीतला वाटतो. ‘भिन्नप्रकारी’ बिनचूक आणि बेचव. मला विचाराल तर ‘लसपालट’. हवापालट आहे, खांदेपालट आहे, पिकांची फेरपालट आहे, मग लशीनंच काय घोडं मारलंय? ‘लसपालट करून दिलेली वर्धक मात्रा’.

कोरा कागद:
लसपालट झकास आहे. पण ‘चुकून दुसरीच टोचली’ असा वास येत नाही ना? आणि ‘लशी’ की ‘लसी’? मुद्रितशोधकाचं माझ्याशी यावरून रोज वाजतं.

जुना शब्दकोश:
चुकून झालं तर आपण अदलाबदल म्हणतो. पालट ठरवून करतात. आणि म्हैस–म्हशी, तशी लस–लशी. ‘लसी’ही सर्रास छापतात, त्यावरून मी भांडत नाही. वयाप्रमाणे भांडणं निवडावी लागतात.

सीरमवाली:
दादा, शब्दांचं तुम्ही बघा, मी ‘संख्येत’ या शब्दाला हरकत घेते. मी हेच काम करते. प्रतिपिंडं कुणी मोजत बसत नाही. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव, दुप्पट दुप्पट पातळ करत न्यायचं: 20 पट, 40, 80, 160, असं पुढे. प्लेटच्या प्रत्येक खळग्यात ठरावीक विषाणू सोडायचा, तासभर दोघांना एकत्र ठेवायचं आणि मग ते पेशींवर घालायचं. सीरम किती पातळ होईपर्यंत पेशी वाचतात, तो आकडा म्हणजे टायटर. टायटर 320 आलं याचा अर्थ रक्तात 320 प्रतिपिंडं सापडली असा नाही, तर सीरम 320 पट पातळ केल्यावरही त्यात विषाणूला अडवण्याचा दम उरला असा. शाळेत आम्ल-अल्कलीचं ‘अनुमापन’ केलेलं आठवत असेल, त्यावरून ‘अनुमाप’ लिहा. ते जड वाटलं तर ‘पातळी’. ‘संख्या’ मात्र नको.

‘उदासीनकारी’ही त्याच तासातून आलंय. आम्ल उदासीन होतं ते ठीक, विषाणूला काय उदास करणार? चाचण्या दोन तऱ्हांच्या असतात. एकीत प्रतिपिंडं विषाणूच्या प्रथिनाला चिकटतात का एवढंच बघतात, दुसरीत ती विषाणूला पेशीत शिरण्यापासून रोखतात का ते. प्रयोगशाळेत आम्ही इंग्रजीच बोलतो, पण लिहायचं झालं तर मी ‘चिकटणारी’ (बायंडिंग) आणि ‘रोखणारी’ (न्यूट्रलायझिंग, म्हणजे तुमची ‘उदासीनकारी’) लिहीन. बायंडिंगला कुणी ‘बंधक’ सुचवेल, त्याच्या आधीच सांगते, त्यानं ओलीस धरल्यासारखं वाटतं.

आता 73. हे आकडे बहुधा 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासाचे. 458 प्रौढ, मॉडर्ना, फायझर आणि जॉन्सन अँड जॉन्सन अशा तीन लशी, म्हणून आधीची आणि नंतरची मिळून नऊ जोड्या. तीच लस पुन्हा दिली तेव्हा रोखणाऱ्या प्रतिपिंडांची वाढ 4 ते 20 पट, पालटून दिली तेव्हा 6 ते 73 पट. तुम्ही 4 ते 20 हे आकडे गाळलेत! ते शेजारी ठेवले की कळतं, 6 ते 20 हा पट्टा दोन्हींत आहे. म्हणजे पालटलं की दरवेळी जास्तच, असं नाही.

शिवाय पट सुरुवात कुठून होते त्यावर ठरते. समजा एकाचं अनुमाप 20 वरून 1280 झालं, तर ते 64 पट. दुसऱ्याचं 320 वरून 2560 झालं, तर फक्त 8 पट. मथळ्यात पहिला जिंकतो, रक्तात दुसरा पुढे असतो. त्या अभ्यासात आधी जॉन्सनची एकच मात्रा घेतलेल्यांची सुरुवातीची पातळी सर्वांत कमी होती, तेव्हा मोठ्या आकड्यांकडे जरा तिरप्या नजरेनं बघा.

पाटीपेन्सिल:
ताई, हे वाचून मी आमच्या ग्रुपवर कधीकाळी टाकलेला एक मथळा गुपचूप पुसून आलो.

जुना शब्दकोश:
‘पट’ मराठीतही घोटाळा करते. ‘चौपट झाली’ म्हणजे 100 चे 400, यात वाद नाही. ‘चौपटीने वाढली’ म्हणजे 400 की 500? गणिताचा मास्तर 500 म्हणेल, पेपरवाला 400. इथं ‘पटींवर गेली’ लिहिलं की प्रश्न मिटतो.

पाटीपेन्सिल:
माझी एक जुनी शंका. पिंड पुल्लिंगी: ‘त्याचा पिंडच वेगळा’. मग प्रतिपिंड नपुंसक कसं झालं? आणि मुळात पिंड आला कुठून?

जुना शब्दकोश:
पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञानं 1891 मध्ये ‘अँटिकोर्पर’ शब्द वापरला. कोर्पर म्हणजे शरीर, आणि पदार्थ किंवा वस्तूही. आपल्या पिंडालाही हे दोन्ही अर्थ आहेत: ‘पिंडी ते ब्रह्मांडी’तला देह आणि भाताचा गोळा. भाषांतर इतकं नेमकं क्वचित बसतं. लिंगाचं म्हणाल, तर ‘द्रव्य’, ‘प्रथिन’ यांच्या संगतीनं ते नपुंसक झालं असावं, हा माझा तर्क. ‘प्रतिपिंडे’ आता रुळलंय, राहू द्या.

सीरमवाली:
आणखी एक. लेखात ‘प्रतिपिंडे म्हणजेच प्रतिकारशक्ती’ असं कुठं लिहिलं असेल तर काढा. संसर्ग झालेल्या पेशींना मारणाऱ्या टी-पेशीही प्रतिकारशक्तीचा भाग असतात, आणि त्या या चाचणीत दिसतच नाहीत.

कोरा कागद:
होतं. दोनदा. काढलं. आता वाक्य असं: ‘तीच लस पुन्हा दिल्यावर विषाणूला रोखणाऱ्या प्रतिपिंडांची अनुमाप आधीच्या 4 ते 20 पटींवर गेली, लसपालट केल्यावर 6 ते 73 पटींवर.’

जुना शब्दकोश:
‘प्रतिपिंडांचे अनुमाप गेले’ करा. माप नपुंसक, तसं अनुमापही.