मीटर म्हणतं सगळं ठीक, मग रात्रभर घुमतंय ते काय?

निशाचर_पुणेकर
शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर मोठे एसी बसले आणि आईची झोप उडाली. तक्रार केल्यावर एक साहेब आले, तेही भरदुपारी. हॉलच्या मधोमध मीटर धरला आणि ‘मर्यादेत आहे’ म्हणून निघून गेले. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल आहे, कबूल. पण ते ‘ए’ पट्टीवरचे आकडे, म्हणजे कानाला कमी ऐकू येणारे सूर मीटरनेही कमी धरायचे. ही पट्टी ५० हर्ट्झचा, म्हणजे खर्जातला आवाज तब्बल ३० डेसिबलने कमी धरते. घुमणारा आवाजच गाळायचा आणि वर म्हणायचं, आवाज कुठाय? अशा तक्रारी या एका आकड्यावर निकालात काढणं बंद व्हायला हवं.

सेक्रेटरी_काका
मग काय, ज्याला जे ऐकू येईल ते खरं? आमच्याकडे एका ताईंसाठी पंप बंद ठेवला, लिफ्ट बंद ठेवली, तरी त्यांना आवाज येतच होता. अमेरिकेत इंडियानातल्या कोकोमो गावीही असंच, लोकांना घुमणारा आवाज यायचा. २००३ मध्ये तपास झाला, कारखान्यांतला एक पंखा ३६ हर्ट्झवर आणि एक कॉम्प्रेसर १० हर्ट्झवर घुमताना सापडला. बंदोबस्त केला, तरी काहींची तक्रार राहिलीच.

निशाचर_पुणेकर
काका, शोधलं म्हणून दोन सापडले ना? आमच्याकडे शोधलंच नाही.

कानसेन
मी इंग्लंडमध्ये याच कामात आहे. इथे सॅल्फर्ड विद्यापीठाने २००५ मध्ये सरकारसाठी पद्धत घालून दिली. जिथे त्रास होतो त्या खोलीत यंत्र काही दिवस ठेवायचं; घरच्यांनी कधी त्रास झाला ते वहीत लिहायचं. १० ते १६० हर्ट्झपर्यंत पट्टे पाडून प्रत्येकाची पातळी वेगळी बघतो आणि ठरलेल्या आकड्याशी ताडतो: ५० हर्ट्झला ४३ डेसिबल, १०० ला ३८. पण खरी गोम वहीत आहे. नोंदी आणि आलेख जुळले तर उगम शोधायचा. नाही जुळले तर काका म्हणतात ती शक्यता, कानातला नादही असू शकतो. आणि हॉलच्या मधोमध मोजणं तर हास्यास्पदच! ५० हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटर लांब, त्यामुळे भिंतींमध्ये अडकून ती कोपऱ्यात जोरात आणि मध्ये अगदी मंद असू शकते.

सेक्रेटरी_काका
४३ च्या खाली आलं तर तक्रार मागे घ्यायची?

कानसेन
नाही, ती कायद्याची मर्यादा नव्हे. शेवटी अधिकाऱ्यानेच ठरवायचं.

सेक्रेटरी_काका
झालं! म्हणजे फिरून साहेबांच्या मर्जीवरच आलो. त्यापेक्षा एकच आकडा बरा, निदान भांडता तरी येतं. आणि यंत्राचा खर्च कोण देणार, सोसायटी? निशाचर, एवढं काही नको. त्या लोकांना सांगून एक रात्र एसी बंद ठेवायला लावा, आईंना कळू न देता. सकाळी वही बघा.

निशाचर_पुणेकर
विचारलं होतं. म्हणाले, आधी मीटरचा रिपोर्ट आणा.