मदत हवी आहे: अण्णांच्या ट्रान्झिस्टरवर ८२० ला बातम्या लागायच्या, आता प्रार्थना लागते

ओढ्याकाठचा

नमस्कार मंडळी,

प्रश्न रेडिओचा आहे. थोडं पाल्हाळ होईल, पण त्याशिवाय अडचण कळायची नाही.

मी ओहायोत, कोलंबसच्या जरा उत्तरेला राहतो. महिन्यापूर्वी पलूसहून वडील आलेत, वय ८१. याआधी ते २००८ ला आले होते, पुरे सहा महिने. मधे आईचं आजारपण, मग कोविड, येणं झालंच नाही. या वेळी येताना त्यांनी तेव्हाचाच ट्रान्झिस्टर आणलाय. दोन बँड, मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्ह. एफएम नाही. चामडी कव्हरची टिचबटणं गेलीत, त्यामुळे ते रबर बँड लावून बंद करतात. डायलच्या काचेवर औषधाच्या दुकानातल्या पांढऱ्या चिकटपट्टीचे नखाएवढे तुकडे लावलेत आणि त्यांवर बॉलपेननं अक्षरं: 'पु', 'सां', 'मुं'. म्हणजे पुणे ७९२ किलोहर्ट्झ, सांगली १२५१ आणि मुंबई अस्मिता ५५८. २००८ मध्ये आमच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी चौथा तुकडा लावला, 'बा'. बा म्हणजे बातम्या. तो ८२० वर. इथल्या विद्यापीठाचं पब्लिक रेडिओ स्टेशन होतं, डब्ल्यूओएसयू. दिवसभर बातम्या आणि चर्चा, जाहिराती नाहीत. अण्णा बाजार समितीत कारकून होते, इंग्रजी पेपर वाचून वाचून कमावलेलं. 'यांचं इंग्रजी स्वच्छ आहे, कळतं' म्हणायचे. 'पु' आणि 'बा' या पट्ट्या जवळजवळ चिकटून आहेत, कारण ७९२ आणि ८२० मध्ये डायलवर अंतर ते किती! 'अमेरिका आपल्या पुण्याच्या शेजारीच आहे की,' हे त्यांनी तेव्हा निदान वीस जणांना ऐकवलं असेल.

तर या वेळी पहिल्याच पहाटे, चहा समोर, काटा 'बा' वर. आणि आतून बायका-पुरुष एका सुरात काहीतरी म्हणतायत. अण्णांनी पाच मिनिटं ऐकलं, मग मला उठवलं. "स्टेशन बदललंय काय रे? एकच ओळ पन्नासदा म्हणतायत."

शोधल्यावर कळलं की ते स्टेशन आता कॅथलिक रेडिओ आहे. माझी प्रार्थनेबद्दल काही तक्रार नाही. अण्णांचीही नाही, ते स्वतः रोज हरिपाठ म्हणतात. पण बातम्यांवाचून त्यांची सकाळ अडते. बरं, स्मार्ट स्पीकर आणला, तर त्याला अण्णांचं इंग्रजी कळत नाही आणि 'डबीशी काय बोलायचं' म्हणून अण्णाच गप्प. डिजिटल रेडिओ आणला, त्याला मेन्यू. मोतीबिंदू झालाय, हात थरथरतो. फोनचं तर नावच नको.

दोन प्रश्न. एक, हे झालं कसं? विद्यापीठाचं स्टेशन असं कुणाला देता येतं? अण्णा रोज विचारतात आणि मी रोज थापा मारतो. दोन, आणि खरा: याच ट्रान्झिस्टरवर, खुंटी फिरवून, त्यांना बातम्या मिळतील असं काही करता येईल का?

भडंगप्रेमी

एक साधा दहा डॉलरचा खुंटीवाला एफएम घेऊन द्या की. इतकं काय.

ओढ्याकाठचा

@भडंगप्रेमी, दिला. तो उशाशी तसाच पडून आहे. विचारलं तर म्हणाले, "असू दे, तुझ्या गाडीत ठेव."

ऑलेंटांगीकाठी

मी कोलंबसमध्ये १९९९ पासून आहे, गाडीत माझंही ८२० च असायचं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

ओहायो स्टेट विद्यापीठाचं हे स्टेशन फार जुनं. १९२२ साली परवाना मिळाला तेव्हा नाव डब्ल्यूईएओ होतं, डब्ल्यूओएसयू नंतर झालं. १९४९ मध्ये त्यांनी ८९.७ एफएम सुरू केलं. वर्षानुवर्षं वाटणी अशी होती की एएमवर, म्हणजे मीडियम वेव्हवर, बातम्या-चर्चा आणि एफएमवर शास्त्रीय संगीत जास्त, मधे मधे बातम्या. २०१०-११ च्या सुमारास त्यांनी १०१.१ ही आणखी एक एफएम जागा घेतली. संगीत तिकडे हललं आणि ८९.७ पूर्ण बातम्यांचं झालं. मग ८२० वर वेगळं असं काय उरलं? तेच कार्यक्रम, खरखरीसकट. एएमचा मनोरा, त्याखालची जमीन, विजेचं बिल, हे सगळं दुसऱ्या प्रतीसाठी कोण पोसणार. २०११ च्या अखेरीस ते सेंट गॅब्रिएल रेडिओ या कॅथलिक संस्थेला २० लाख डॉलरला विकलं. नाव डब्ल्यूव्हीएसजी झालं. त्यावर अलाबामातल्या ईडब्ल्यूटीएन या कॅथलिक वाहिनीचे कार्यक्रम असतात.

म्हणजे अण्णांच्या बातम्या गेलेल्या नाहीत, ८९.७ वर राहायला गेल्यात. फक्त त्यांच्या रेडिओला तो रस्ता नाही.

कंदीलवाला

हेच! सरकारी पैशावर उभारलेलं स्टेशन धार्मिक संस्थेला विकतात आणि कोणी काही बोलत नाही. आपल्याकडे आकाशवाणीचं केंद्र एखाद्या मठाला विकलं तर चाललं असतं का?

ऑलेंटांगीकाठी

@कंदीलवाला, आपल्याकडे तो प्रश्नच येत नाही. खासगी एफएमच्या परवान्याच्या अटींतच धार्मिक संस्थांशी जोडलेल्या कंपन्या अपात्र आहेत. इथला विचार उलटा. परवाना हस्तांतर करायला एफसीसीची, म्हणजे इथल्या प्रसारण नियामक संस्थेची, मंजुरी लागते, पण नवा मालक स्टेशनावर काय वाजवणार यात एफसीसी सहसा नाक खुपसत नाही. न्यूयॉर्कच्या एका शास्त्रीय संगीताच्या स्टेशनाच्या श्रोत्यांनी याच मुद्द्यावर भांडून पाहिलं होतं. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एफसीसीचीच बाजू उचलून धरली.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. एफएमवर ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा पट्टा ना-नफा, शैक्षणिक स्टेशनांसाठी राखीव आहे. एएमवर असा राखीव कोपरा नाही. एएमची जागा सुटली की जो पैसे मोजेल त्याची. आणि आज एएमसाठी पैसे मोजायला तयार कोण असतं? बहुतेक धार्मिक संस्था, नाहीतर स्थलांतरितांच्या भाषांची स्टेशनं. त्यांच्या श्रोत्यांना आवाजाच्या गोडव्याची फार पडलेली नसते, आणि वर्गणी नेमानं येते. मला विचाराल तर यात कट वगैरे काही नाही. जुन्या वाड्यात नवे भाडेकरू आले, इतकंच. हळहळ मात्र मलाही वाटली होती.

मांडवीकाठची

धागा वाचून हसू आलं आणि घरची आठवणही. गोव्यात, पणजी शहरात आमच्या शेजाऱ्यांकडे रोज संध्याकाळी कॅथलिकांचा हाच जप, कोंकणीत, त्याला तेर्स म्हणतात. अण्णांनी मोजलेलं तंतोतंत बरोबर आहे हो, 'नमान मोरिये' दहा-दहा वेळा, असे पाच फेरे. पन्नासच. लहानपणी तेर्स सुरू झाली की आई म्हणायची, चला, दिवे लावा.

केरीकेरीची मावशी

ऑकलंडहून. मी इथे आले तेव्हा ८८२ एएमवर एक मजा होती. न्यूझीलंडच्या संसदेचं कामकाज चालू असलं की ते थेट ऐकू यायचं, आणि खासदार घरी गेले की त्याच जागेवर रेमा या ख्रिस्ती संस्थेचं स्टेशन. विकाविकी नाही, पाळ्या लावलेल्या. माझे सासरे म्हणायचे, दोन्हीकडे प्रवचनच.

डाळिंबी उसळ

@केरीकेरीची मावशी :))))

अवांतर झालं असेल तर कोणी मूळ प्रश्नाचं बघेल का? आजोबा सकाळी बातम्यांवाचून बसलेत.

सोल्डरवाला

आलो. अणुशक्तीनगरचा रिटायर्ड माणूस, आयुष्य कॉइल गुंडाळण्यात गेलं. दोन मार्ग सांगतो.

पहिला, फुकटचा, पण फक्त रात्रीचा. मीडियम वेव्ह दिवसा जमिनीलगत जाते. सूर्य मावळला की आकाशातला तिला शोषणारा थर विरतो आणि ती वरच्या थरावर आपटून शेकडो मैलांवर उतरते. लहानपणी रात्री कुठली कुठली स्टेशनं लागायची ती यामुळेच. शिकागोचं डब्ल्यूबीबीएम ७८० वर आहे, ५० किलोवॅट, चोवीस तास बातम्या. कोलंबसला ते रात्री सहज यायला हवं. आणि ७८० कुठे येतं सांगा? अण्णांच्या 'पु' च्या पट्टीवर, केसभर डावीकडे. रेडिओ आडवा-उभा फिरवून पाहा, आतली फेराइटची कांडी शिकागोला आडवी आली पाहिजे. शेजारी फोनचा चार्जर किंवा एलईडी दिवा नको, त्यांची खरखर स्टेशनाला गिळते.

दुसरा, कायमचा. अमेरिकेत एफसीसीच्या भाग १५ च्या नियमाखाली घरगुती एएम ट्रान्समीटर बिनपरवाना चालतो. ५१० ते १७०५ किलोहर्ट्झ, शेवटच्या टप्प्याला वीज १०० मिलिवॅटपर्यंत, आणि एरियल व अर्थिंगची तार मिळून ३ मीटरपेक्षा लांब नको. आवाका घर-अंगणापुरता. तयार मिळतो, काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा. त्याच्या इनपुटला तुमचा पडून राहिलेला दहा डॉलरचा एफएम जोडा, हेडफोनच्या भोकातून, ८९.७ लावून. झालं. अण्णांच्या मीडियम वेव्हवर एफएमच्या बातम्या.

जागा निवडताना ८२० च्या आसपास जाऊ नका, तिथलं मोठं स्टेशन तुमच्या काड्यापेटीला चिरडेल. दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा काटा फिरवून जिथे नुसती सुं आहे ती जागा बघा. आणि भारतातला सेट २३० व्होल्टचा, इथल्या प्लगात घालायच्या भानगडीत पडू नका, सेलवरच चालवा. तार लांब करून मोहल्लाभर ऐकवण्याचा मोहही नको, नाहीतर एफसीसीचं खरंच पत्र येतं.

ओढ्याकाठचा

सगळ्यांचे आभार. विशेषतः @सोल्डरवाला काका, नमस्कार घ्या.

शिकागो पहिल्याच रात्री लागलं. मधेच विरतं, मधेच गळ्यात पडतं. दर दहा मिनिटांनी रहदारी आणि हवामान. अण्णा शिकागोला कधी गेले नाहीत, पण केनेडी एक्सप्रेसवेवर काल किती तुंबलं होतं ते जेवताना सांगत होते.

ट्रान्समीटर शनिवारी आला. मोकळी जागा शोधायला मी आणि अण्णा तासभर बसलो, काटा त्यांच्या हातात, वही माझ्या. वरच्या टोकाला एक-दोन जागा मिळाल्या, पण तिथे नवी पट्टी लावायला अण्णा तयार होईनात, काच आधीच भरलीय म्हणे. मग माझ्या डोक्यात आलं, १२५० बघू. दिवसा तिथे नुसती सुं. रात्री कुठलंतरी लांबचं पुसट काही येतं, पण काड्यापेटी त्याला दाबते. आणि १२५० म्हणजे डायलवर 'सां'.

आता सकाळी 'सां' वर ८९.७ च्या बातम्या. संध्याकाळी तोच एफएम काढून माझा जुना फोन जोडतो, न्यूज ऑन एआयआर ॲपवर आकाशवाणी पुणे. सध्या इथली घड्याळं उन्हाळ्यासाठी तासभर पुढे आहेत, त्यामुळे भारतातल्या सकाळी ७.१० च्या मराठी बातम्या इथे रात्री ९.४० ला लागतात. पहिल्या दिवशी काहीच सांगितलं नव्हतं. अण्णांनी सवयीनं काटा फिरवला, ऐकलं, पुन्हा डायलकडे पाहिलं. "सांगलीवर पुणं लागलंय," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "उद्याच्या बातम्या आजच सांगतायत."

'बा' ची पट्टी काढू का विचारलं, तर नको म्हणाले. पहाटे त्यांना जाग येते तेव्हा मी अजून उठलेलो नसतो, ट्रान्समीटर बंद असतो. तेवढा वेळ ते ८२० च ऐकतात. "दहाचे पाच फेरे," आता मांडवीकाठच्या ताईंचं ऐकून तेही मोजतात.

एकच अडचण राहिलीय काका. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की 'सां' वर गुंई असा आवाज येतो आणि बंद झाला की जातो. काय करू?

सोल्डरवाला

ट्रान्समीटरचा अडॅप्टर फ्रिजच्याच सॉकेटपट्टीवर असणार. तो दुसऱ्या भिंतीवर न्या. तरीही आला तर अडॅप्टर काढून पॉवर बँकेवर चालवून पाहा. आणि पहाटे अण्णांना तो चालू करायला बाहेर एक टक-टक बटण बसवून द्या, मोठं, लाल.

ओढ्याकाठचा

सॉकेट बदललं, गुंई गेली. बटण आज बसवतो.