बंपरवरच्या लाल हुकाला हसणाऱ्यांसाठी

मधला_गिअर

कालच्या 'गाड्यांची नटवेगिरी' धाग्यात सरळसोट यांनी एक अख्खा परिच्छेद आमच्यासारख्यांवर खर्ची घातला. म्हणणं थोडक्यात असं, की छोट्या गाडीच्या बंपरला तो पेचाचा टोइंग हुक, म्हणजे बंद गाडी ओढायला दोर अडकवायचा हुक, लाल रंगात कायमचा लावून फिरणं म्हणजे घरात हेल्मेट घालून बसणं. कंपनीने हुक डिकीत दिलाय, तिथेच तो शोभतो. खाली +१ ची रांग. तिथे उत्तर लिहायला बसलो ते धाग्याएवढं झालं, म्हणून इथे.

डिकीत शोभतो ना? मग आत्ता उठा आणि आणून दाखवा. गेल्या पावसाळ्यात रात्री साडेदहाला माझी गाडी चढावर बंद पडली. टोचन करायला एक भला माणूस थांबला, दोरही त्याच्याकडेच होता. मी डिकी उघडली. चौघांच्या बॅगा ओल्या रस्त्यावर काढल्या, कार्पेट उचललं, स्टेपनी सोडवली, खाली फोममध्ये जॅकची खाच, पान्याची खाच, आणि हुकाची खाच रिकामी. गाडी सेकंडहँड घेतलेली. शेवटी दोर पुढच्या चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मला बांधला. गाडी घरी आली, पण बंपरची खालची कड दोराने कापली आणि अलाइनमेंट पार गेलं.

पुढच्या आठवड्यात हुक मागवला. लाल. कारण रेसच्या गाड्यांना पुढेमागे टोइंग आय (ओढायचं कडं) असलाच पाहिजे आणि तो पिवळा, लाल किंवा नारिंगीच असला पाहिजे, हा एफआयएचा, म्हणजे मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेचा नियम आहे. मदतीला येणाऱ्याला तो शोधावा लागू नये म्हणून. रंग नटण्यासाठी नाही, दिसण्यासाठी आहे. ज्याला फरक कळत नाही त्याने 'नटवेगिरी' शब्द जपून वापरावा.

बसवणं दहा मिनिटांचं काम. बंपरवरचं चौकोनी झाकण स्क्रू ड्रायव्हरला फडकं गुंडाळून उचकटायचं, हुक हातानेच जाईल तितका फिरवायचा, मग हुकाच्या भोकात पाना घालून आवळायचा.

सरळसोट

माझ्या एका परिच्छेदाला चार परिच्छेद, म्हणजे नेम बसला म्हणायचा.

तुमच्या साडेदहाच्या गोष्टीतून निघतं ते इतकंच, की जुनी गाडी घेताना डिकी तपासावी. तुम्ही ती तपासली नाहीत आणि शिक्षा रस्त्यावरच्या सगळ्यांच्या नडग्यांना.

हो, नडग्यांना. दोन उभ्या गाड्यांच्या फटीतून जाताना असाच एक 'दिसण्यासाठी' लावलेला हुक मला अजिबात दिसला नाही. दोन्ही हातांत सामान होतं. पँट फाटली, नडगीचं साल गेलं, तीन टाके. रेसट्रॅकवर गाड्यांच्या फटीतून भाजी घेऊन कुणी जात नाही, म्हणून तिथले नियम तिथे.

नियमच काढलेत तर हाही घ्या. गाडीच्या बाहेर काय डोकवावं यावर संयुक्त राष्ट्रांचं 26 क्रमांकाचं रेग्युलेशन आहे. बाहेर आलेल्या कडक भागाची कड किमान 2.5 मिलिमीटर त्रिज्येने गोल हवी. तुमच्या हुकाची कड एकदा बोटाने चाचपा. हुक डिकीत असतो आणि जागेवर झाकण असतं ते उगीच नाही.

पावशेर_पेट्रोल

सरळसोट +१.

खरी कीड म्हणजे खोटे हुक. आमचे मेहुणे. निळा हुक, मागच्या बंपरवर, दुहेरी टेपने चिकटवलेला. गाडी चिखलात रुतली तेव्हा मदतीला आलेल्या पोराने विश्वासाने त्यालाच दोर अडकवला. हुक निघून थेट त्याच्या बुटांपाशी पडला. पोरगं दोन मिनिटं माफी मागत होतं, 'दादा, मी काही नाही केलं.' मेहुणे गप्प.

जाता जाता: मध्ये कुणीतरी पार्किंग सेन्सरच्या शेजारी हुक लावून 'सेन्सर सारखा वाजतो' असा धागा काढला होता. तो वाजणारच, त्याच्या समोर तुम्ही लोखंड उभं केलंत.

मधला_गिअर

तुमच्या मेहुण्यांचा हिशोब माझ्या नावावर कशाला? मी आट्यांत बसणाऱ्या खऱ्या हुकाबद्दल बोलतोय.

सरळसोट, नडगीबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण ट्रेलर जोडायचा टो बारचा गोळा आयुष्यभर बाहेर घेऊन फिरणाऱ्या मोठ्या गाड्यांवर तुम्ही एक ओळ लिहिलेली नाहीत. छोट्या गाडीवाला दिसला की सगळ्यांना कंठ फुटतो.

ऑइलकाका

दोघेही अर्धं बोलताय.

हुक खरा असला म्हणून काम संपत नाही. हा पेचाचा हुक सपाट रस्त्यावर, सरळ रेषेत, हळूहळू ओढण्यासाठी आहे. रुतलेली गाडी झटक्याने उपटण्यासाठी नाही. आमच्याकडे एक गाडी आली होती, ट्रॅक्टरने बाजूने झटका दिलेली. हुक आट्यांच्या मुळाशी वाकला, असा की बंपरला टेकला. वाकलेला हुक फिरतच नाही, बंपर आडवा येतो. ग्राइंडरने कापला, उरलेला खुंट वेल्डिंग करून काढला. तो मोडून उडाला असता तर गोळीसारखा कुणाच्या तरी काचेत गेला असता. म्हणून दोर ताणलेला असताना रेषेत कुणी उभं राहायचं नाही.

बाजारातल्या रंगीत हुकांवर '5 टन' कोरलेलं असतं. कुठल्या दिशेने 5 टन? सरळ की तिरपं? ते कोरलेलं नसतं. बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचे असतात. स्टीलच्या सॉकेटमध्ये अ‍ॅल्युमिनियम वर्षभर पावसात ठेवलं की पांढरी भुकटी धरून जाम होतं. कोरडं तर अजिबात लावू नका. निदान जोडाचा दांडा स्टीलचा बघून घ्या.

आटेही मोजा. 16 मिलिमीटरच्या दांड्याला 2 मिलिमीटरचीही पिच (दोन आट्यांमधलं अंतर) येते आणि 1.5 चीही. दोन फेरे जातो, मग अडतो, आणि माणूस म्हणतो घट्ट बसला. घट्ट नाही बसला, आटे मारले. दांडा जेवढा जाड, किमान तेवढा तरी आत गेला पाहिजे. आणि कसण्याआधी आटे सुलटे की उलटे ते पुस्तिकेत वाचा.

अर्धाआटा

काका, बाकी सगळं मान्य, पण टोइंग हुकला उलटे आटे? कायच्या काय. बाजारात मिळणारा प्रत्येक बोल्ट उजवीकडे आवळतो.

ऑइलकाका

फोक्सवॅगन, स्कोडा, फोर्ड. यांच्या कित्येक गाड्यांच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय, हुक डावीकडे फिरवून आवळा. पुस्तिका डिकीत नसते, पुढच्या खणात असते. सापडायला सोपी.

अर्धाआटा

असेलही. पण कारण काय? उलटे आटे जिथे घट्ट ठेवायची गरज तिथेच असतात. सायकलचं डावं पेडल बघा. बेअरिंगच्या घर्षणाने ते आपोआप आवळत राहावं म्हणून उलटे आटे दिलेत. हुक काय स्वतःभोवती फिरतो?

तिरपी_खुर्ची

अवांतर आहे, पण हे ऐकून गप्प बसवत नाही. पेडलचं कारण बरोब्बर उलटं सांगितलंत. बेअरिंगचं घर्षण पेडल आवळत नाही, सैल करतं! उजवं पेडल घ्या. क्रँक, म्हणजे पेडल ज्यावर बसतं ती पट्टी, घड्याळाच्या दिशेने फिरते, पेडल पायाखाली आडवंच राहतं, म्हणजे क्रँकच्या हिशोबाने ते उलटं फिरतं. घर्षण पेडलच्या दांड्याला त्याच दिशेने, म्हणजे सुटायच्या बाजूला ओढतं.

पेडल आवळतं ते वेगळ्याच गोष्टीने. दांडा भोकात केसभर सैल असतो आणि पायाचा भार क्रँकच्या हिशोबाने गोल फिरत राहतो, त्यामुळे दांडा भोकाच्या भिंतीवरून गडगडत जातो. पेन्सिल मुठीत सैल धरा आणि वरचं टोक बोटाने गोल गोल फिरवा. पेन्सिल स्वतःभोवती उलट्या बाजूला फिरते. करून बघा, मग लिहा.

अर्धाआटा

तुमची पेन्सिल तुम्हाला लखलाभ. मी बारा वर्षं सायकल चालवतोय, माझं पेडल कधी सैल झालेलं नाही.

तिरपी_खुर्ची

सैल झालं नाही कारण ज्यांनी ते बनवलं त्यांना पेन्सिल कळली होती. तुम्ही बारा वर्षं फक्त बसलात. ह. घ्या (हलकेच घ्या).

अर्धाआटा

ह. घेतलं नाही. एकेरीवर आला नाहीत एवढेच उपकार. वेल्डिंगच्या सेटवर अ‍ॅसिटिलीनच्या नळीला उलटे आटे असतात, ते काय गडगडतात म्हणून? चुकून ऑक्सिजनच्या जागी जोडली जाऊ नये म्हणून असतात. म्हणजे उलट्या आट्यांना एकच कारण नसतं. हेच तर मी म्हणत होतो.

तिरपी_खुर्ची

हे तुम्ही आत्ता पहिल्यांदा म्हणालात. पण अ‍ॅसिटिलीनचं बरोबर आहे. घ्या, दिलं.

पावशेर_पेट्रोल

मग हुकला का? मला वाटतं दोरामुळे. पीळ दिलेला दोर ताणला की उलगडू बघतो आणि टोकाला असेल ते फिरवतो.

अर्धाआटा

आता कोण पिळाचा दोर वापरतं? सगळे विणलेला सपाट पट्टा वापरतात, त्यात कसला आलाय पीळ? (पेन्सिल करून पाहिली. फिरते. विषय संपला.)

रातराणी_०७

हुकावर दोन प्रतिसाद आणि पेडलवर सहा. चालू द्या. पण मूळ प्रश्नात एक गोष्ट कुणीच काढली नाही. दोराने ओढत न्यायचीच कशाला?

माझी ऑटोमॅटिक. बंद पडली, दोघा ओळखीच्यांनी प्रेमाने दोर लावला आणि न्यूट्रलमध्ये खूप लांबपर्यंत आणली. इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्सचा तेलपंप बंद. आतले भाग कोरडे फिरत आले. गाडी पोचली, गिअरबॉक्स नाही पोचला. पुस्तिकेत 50 किलोमीटर अंतर आणि ताशी 50 वेग एवढीच मर्यादा होती, ती आम्ही नंतर वाचली. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बाबतीत तर बहुतेक कंपन्या चाकांवर ओढूच नका म्हणतात.

मॅन्युअल गाडीतही दोराच्या मागे बसून बघा. इंजिन बंद असलं की दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगड होतो, स्टिअरिंग जड होतं, आणि चावी काढली असेल तर ते लॉक होतं. पुढचा हिसके देतोय आणि तुम्ही दोन्ही पायांनी ब्रेकवर उभ्या. हुकाचं खरं काम आता गाडी फ्लॅटबेडवर (गाडी वाहून नेणाऱ्या सपाट ट्रकवर) विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने हळूहळू चढवणं एवढंच. त्यासाठी तो हवाच, आणि हाताशी हवा. पण म्हणून वर्षभर बाहेर?

मधला_गिअर

म्हणजे हाताशी हवा हे मान्य. पहिल्यांदाच कुणीतरी मान्य केलं.

सरळसोट

हाताशी हवा हे मी नाकारलंच नव्हतं. बाहेर नको म्हणालो होतो. खणात ठेवा, पुस्तिकेच्या शेजारी. मूळचा स्टीलचा हुक मिळवा, हवा तर नारिंगी रंगवा. आट्यांना रंग लावू नका एवढंच. नटायची हौसही भागेल.

पावशेर_पेट्रोल

कायम बाहेरच हवा असेल तर कापडी पट्ट्याचा घ्या. दांडा बंपरच्या आत, बाहेर फक्त पट्टा. नडगीला लागला तरी साल जात नाही. सेन्सरच्या समोर मात्र लोंबू देऊ नका.

ऑइलकाका

पट्टा उन्हाने सडतो. दोन-तीन वर्षांनी बदला. शिवण उसवलेली दिसली तर आधीच.

मधला_गिअर

तुम्ही सगळे एक झालात म्हणून मी चुकीचा ठरत नाही. पण नडगीची गोष्ट डोक्यात राहिली. आमच्या पार्किंगमध्ये पोरं खेळतात आणि हुक बरोबर त्यांच्या गुडघ्याच्या उंचीवर येतो. म्हणून खाली जाऊन काढायला घेतला. निघत नाहीये. पाना घालून अंगाचं वजन टाकलं. काका म्हणाले तसा जाम झालेला दिसतोय. अ‍ॅल्युमिनियमबद्दल तुमचं खरं होतं, घ्या.

ऑइलकाका

इतक्यात घाई नको. गाडी कुठली? आणि फिरवताय कुठे?

मधला_गिअर

स्कोडा. फिरवतोय डावीकडे, सगळे फिरवतात तसा.

तिरपी_खुर्ची

अरे देवा.

अर्धाआटा

मी काहीच बोलत नाही.

सरळसोट

'बसवणं दहा मिनिटांचं काम' म्हणणारे गृहस्थ हेच ना?

मधला_गिअर

बसवला गॅरेजच्या पोराने होता. मी शेजारी उभा राहून फोटो काढत होतो. झालं समाधान?

ऑइलकाका

आता उजवीकडे. तुम्ही अंगाचं वजन टाकून आवळलाय, त्यामुळे सुरुवातीला जोर लागेल. आधी आट्यांवर तेल सोडा, तासभर थांबा. पान्याला लांब पाइप लावून झटके देऊ नका, अ‍ॅल्युमिनियम मानेतून तुटेल.

मधला_गिअर

निघाला. पहिल्या अर्ध्या फेऱ्याला कर्र आवाज, मग हाताने. आट्यांवर खरंच पांढरी भुकटी आहे. आणि कड बोटाने चाचपली. 2.5 चं माहीत नाही, पण नखाला टोचते.

आता बंपरला नुसतं भोक दिसतंय, पाणी जाईल. झाकण शोधतोय. पोराने माझ्या हातात दिलेलं नक्की आठवतंय.

पावशेर_पेट्रोल

गाडीच्या खणात बघा.

मधला_गिअर

सापडलं. हरवू नये म्हणून मीच स्टेपनीखाली हुकाच्या रिकाम्या खाचेत ठेवलं होतं. डिकी रिकामी करायला वीस मिनिटं गेली.