दांडिया बाजार वाडा परिवार (फक्त कामाचं बोला)

शरदकाका: काल रात्री कंपनीची गाडी फाइन आर्ट्सच्या फाटकासमोर कोणी लावली होती? पेट्रोल फर्मच्या खात्यातून जातं.

मन्या: स्पॉट व्हिजिट असेल काका 😄

शरदकाका: ज्याला कळायचं त्याला कळलंय. वायरवाल्या शेठच्या मुलीशी कोर्टात लग्न केलं की एचयूएफमधून, म्हणजे हिंदू एकत्र कुटुंबातून, नाव आपोआप जातं. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट 1954, कलम 19. सर्वांनी वाचावे.

अंजूकाकू: भाऊजी, तसंच पुढे 21-अ पण वाचा. 1976 ची दुरुस्ती. दोघं हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांपैकी असले तर 19 लागत नाही. शेठ जैन आहेत. आणि फर्म भागीदारीत आहे, एचयूएफमध्ये फक्त वाडा.

सुमनआत्या: सुप्रभात 🌺 गणपतीच्या वर्गणीचं काय ठरलं?

शरदकाका: सुमन, इथे धंद्याचं चाललंय.

विनयकाका: धंद्याचंच म्हणतोस तर शेठचं पेमेंट का अडवलंस ते सांग. लघुउद्योगाचे पैसे द्यायचे 45 दिवस कधीच उलटले. बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि मार्च उलटला तर त्या वर्षी खर्चही वजा मिळत नाही. सीए सांगून थकला.

शरदकाका: वायरचं इनॅमल निघत होतं. दोन कॉइल जळल्या.

विनयकाका: टेस्ट रिपोर्ट?

शरदकाका: तोंडी सांगितलंय सुपरवायझरने.

मन्या: मला एक कळत नाही, हे जमलं कसं? दादा रिक्षावाल्याकडे पावती मागतो. ती परवा दोन पायांत दोन रंगांच्या चपला घालून आली होती.

पूर्वा: भंगारावरून 🙈 तिला शिल्पासाठी ट्रान्सफॉर्मरचे ई-आय आकाराचे पत्रे हवे होते. ह्याने काट्यावर वजन केलं, बिल फाडलं, वर 18 टक्के जीएसटी. तिने बिलाच्या मागे ह्याचंच चित्र काढून परत दिलं.

मन्या: आणि ह्याने ते पंच करून फाइलला लावलं. भोक बरोबर नाकातून 😂

निखिलदादा: ऑफिस कॉपी होती.

शरदकाका: मस्करी पुरे. कलम 19. सर्वांनी वाचावे.

अंजूकाकू: 21-अ.

विनयकाका: शरद, खरं बोल. मकरपुऱ्याच्या शेडची वाटणी तुला हवी तशी होत नाही म्हणून पोरांच्या मध्ये येतोयस. बडोद्याच्या राजवाड्यातला हजारो कोटींचा वाद पण 2013 ला मिटला. आपली तर एक शेड आणि दोन प्रेस मशीन.

शरदकाका: तीन. तिसरी माझ्या पैशांनी आली. आणि शेठला घरात घेतलं की उद्या वायरचा भावही तेच ठरवणार. व्याही म्हणून कोण घासाघीस करणार, तू?

(यात मात्र काकांचा मुद्दा आहे. — मन्या)

विनयकाका: मन्या, तू कोणाच्या बाजूने?

मन्या: मी सेवउसळीच्या बाजूने. रविवारी कोण कोण?

पूर्वा: मी. तर्री वेगळी.

सुमनआत्या: आई सांगायची, सयाजीराव महाराजांनी 1931 सालीच घटस्फोटाचा कायदा केला. तुम्ही दोघे भाऊ तोच घ्या एकदाचा.

विनयकाका: 🙏

शरदकाका: सुमन, तुला पुन्हा सांगतो, यात पडू नको. तुझा संबंध नाही. आणि माझ्या सहीशिवाय शेठला एक पैसा जाणार नाही, हे सर्वांनी लक्षात ठेवावे.

निखिलदादा: काका, आज 11.40 ला शेठचं पूर्ण पेमेंट गेलं. व्याजासकट. पावती ग्रुपवर टाकतो.

शरदकाका: कोणाच्या सहीने??

निखिलदादा: बँकेत कोणत्याही दोन भागीदारांच्या सह्या चालतात. एक माझी.

शरदकाका: विनय, तू केलीस?

विनयकाका: मी सकाळपासून दातांच्या डॉक्टरकडे आहे.

सुमनआत्या: माझी. आप्पांनी मला भागीदार करून ठेवलंय, डीड काढून बघ. पोरगी गाडीवरून न्यायला आली होती. फार जोरात चालवते. वर्गणी यंदा पाचशे एक धरू का?