गावाचे आरोग्य अग्रक्रम ठरवायचे कोणी: समितीने की आरोग्य केंद्राने?

कुळागर:
ग्रामसभेत ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीचा विषय निघाला की प्रश्न एकच येतो: वर्षाचे १०,००० रुपये कुठे गेले? महिन्याला ८३३ रुपये ते. ४०० घरांच्या गावात घरामागे वर्षाला २५. या रकमेवरून हमरीतुमरीवर येण्यापेक्षा समितीने वर्षाचे तीनच अग्रक्रम ठरवावेत आणि प्रत्येकासाठी गावातलाच एक जोडीदार शोधावा, असं माझं मत.

गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात पहिला अग्रक्रम माकडतापाचा, म्हणजे गोचीड चावून होणाऱ्या तापाचा. २०१५ पासून तो तालुक्याची पाठ सोडत नाही, आणि गोचिडीची पिल्लं कोरड्या दिवसांत, नेमकी काजूच्या हंगामात, पाचोळ्यात पसरलेली असतात. जोडीदार दूध सोसायटी, कारण गुरं असलेलं घर तिथे रोज येतंच. ऑक्टोबरात वाड्यावार यादी करायची, आणि डिसेंबर उजाडण्याआधी अंगाला लावायचं गोचीडरोधक तेल दूध मोजतात तिथेच वाटायचं. पैसे मार्चच्या तोंडावर आले तर हंगाम अर्धा सरलेला असतो, म्हणून तेल आरोग्य केंद्राकडून आधीच मागून घ्यावं. काजूची पावणी (बागेचा लिलाव) घेणाऱ्याने आपल्या मजुरांची यादी वेगळी द्यावी. ते दूध घालायला येत नाहीत. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्र आणि वन खातं दोघांनाही फोन.

तिस्क:
माकडताप तुम्हाला सुचला. समितीच्या बैठकीत काय सुचतं? साखर तपासणीचं शिबिर, त्याचा बॅनर आणि फॉगिंग. डोळ्यांना दिसणारी कामं. रोगांचा क्रम हात वर करून लागत नसतो. उपकेंद्रातून लक्षणांची नोंद, डॉक्टरकडून संभाव्य निदान आणि प्रयोगशाळेतून पक्कं निदान, असे तीन अहवाल रोगसर्वेक्षणात जातात. यादी आरोग्य अधिकाऱ्याने द्यावी, समितीने राबवावी.

फॉगिंगचंच घ्या. धुराने उडता डास मरतो, पाण्यातली अळी नाही. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस, म्हणजे पुढच्या आठवड्यात नवी फौज हजर. रुग्ण सापडला तिथे, त्याच्या आसपासच्या घरांत धूर करणं ठीक. चवथीआधी गावभर यंत्र फिरवणं ही करमणूक आहे.

म्हादईकाठ:
आरोग्य केंद्राचे आकडे ताप आलेल्या माणसाचे असतात. डास त्याच्या आधी आलेला असतो. तो आकडा गावालाच काढावा लागतो, आणि तो कठीण नाही. एका जोडीकडे २० घरं, दर रविवारी. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, टायर, करवंट्या, निळे ड्रम. समजा १०० घरं पाहिली, ८ घरांत अळ्या मिळाल्या, आणि अळ्या असलेली भांडी मोजली तर १४. मग घर निर्देशांक ८, ब्रेटो निर्देशांक १४. हे दोन आकडे पंचायतीच्या फळ्यावर लिहावेत.

चूक होते ती भांडं रिकामं करण्यात. पाणी ओतून पुरत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. ड्रम आतून घासलाच पाहिजे. गच्चीवरच्या टाकीला घट्ट झाकण आणि हवेच्या नळीला जाळी, कारण शहरी मलेरियाचा डास, अ‍ॅनाफिलीस स्टीफेन्सी, टाकीतही वाढतो. विहिरीत गप्पी मासे सोडावेत.

पण ड्रम भरून ठेवतात कशाला? नळाचा भरवसा नसतो म्हणून. तेव्हा अग्रक्रम ‘डेंग्यू’ असा न लिहिता ‘पाण्याचं वेळापत्रक’ असा लिहा, आणि जोडीदार पाणीपुरवठा खातं. पैशाचं म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी पंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग बांधून दिला होता, निम्मा पिण्याच्या पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. समितीचा ठराव पंचायतीच्या आराखड्यात वेळेत शिरला नाही तर असा पैसा गटारावर जातो. ८३३ रुपयांचीच चर्चा का करायची?

तिस्क:
जोड्या कुठून आणणार? देशात इतरत्र या समितीची सचिव आशा स्वयंसेविका असते. गोव्यात आशा नेमल्याच गेल्या नाहीत, त्यामुळे भार एएनएम (उपकेंद्रातली परिचारिका) आणि अंगणवाडी सेविकेवर. उपकेंद्राला नियमाने ५,००० लोकसंख्या, डोंगरी भागात ३,०००. एएनएमने लसीकरण करायचं की तुमचे ड्रम मोजायचे? इतिवृत्त लिहिलं जात नाही, मग खर्चाचा दाखला जात नाही, मग पुढचा हप्ता अडतो.

कुळागर:
स्वयंसाहाय्य गटाकडे महिन्याची बैठक, वही आणि हिशेब आधीपासून असतो. इतिवृत्त गटातल्या बाईने लिहावं, तपासून सही एएनएमने करावी. ड्रम मोजायला परिचारिका लागत नाही.

रेती-खडी:
सगळे गावच्या मतदारांबद्दलच बोलताय. समितीत किमान १५ जण, निम्म्या बायका, हे ठीक. पण भाड्याच्या खोल्यांतल्या मजुरांचं तिथे कोणी नसतं. १९८० च्या दशकात पणजीत मलेरिया वाढला तो बांधकामांवर साठवलेल्या पाण्याबरोबर. १९८५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली मजुरांना हेल्थ कार्ड लागतं आणि ते ठेकेदाराने काढून द्यायचं असतं. सिमेंट ओलं ठेवायला (क्युरिंग) स्लॅबवर आळं करून पाणी बांधतात, ते आठवड्यातून एक दिवस पूर्ण काढावं, नाहीतर ओल्या गोणपाटावर क्युरिंग करावं. परवाना पंचायतच देते. ही अट त्याच कागदावर लिहायला दहा रुपयेही लागत नाहीत.

तिस्क:
हे मान्य, पण हे काम पंचायतीचं. समितीने बोट दाखवायचं, एवढंच.

कुळागर:
बोट दाखवणं हेच तर समितीचं काम. माकडताप, साठवलेलं पाणी, बांधकामं. तीन झाले. शिबिर यादीबाहेर.

तिस्क:
शिबिर बाहेर काढा आणि पुढच्या बैठकीला किती पंच येतात ते मोजा. तोही निर्देशांक लिहा फळ्यावर.