उंची ५ फूट, रोड बाइकची फ्रेम कितीची घ्यावी? दुकानदार ५२ म्हणतोय

विजापूररोडवाली:
नमस्कार मंडळी. माझी उंची अनवाणी १५२ सेंटिमीटर. दोन वर्षं भावाची हायब्रिड चालवतेय, सकाळी साडेपाचला निघायचं, सोलापुरात संभाजी तलावापासून विजापूर रोडने बारा-तेरा किलोमीटर पुढं जायचं आणि ऊन चढायच्या आत घरी. आता स्वतःची रोड बाइक घ्यायचीय, सेकंडहँड, बजेट ४० हजार. आई कोजागिरीला तुळजापूरला चालत जाते, त्याच रस्त्याने मला एकदा सायकलवर जाऊन यायचंय, एवढंच डोक्यात आहे.

पुण्यात एका दुकानात ५२ ची, म्हणजे ५२ सेंटिमीटर फ्रेमची दाखवली. सीट पार खाली केली, माझे पाय टेकले, तो म्हणाला बसतीय की, स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) छोटा टाकून देतो. दुकानासमोर दोन चकरा मारल्या तर बरी वाटली. पण याच साइजची मैत्रिणीची सायकल मी मागं २५ किमी चालवली होती तेव्हा मान आणि अंगठ्याच्या बुडाशी इतकं दुखलं की दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना हात टेकवेना. म्हणजे मला सवय नाही म्हणून दुखलं का साइजच चुकीची? उद्यापर्यंत सांगतो म्हणून आलेय, प्लीज लवकर सांगा.

होटगीरोडचा:
ताई, ॲडव्हान्स दिला नसेल तर देऊ नका. सीट खाली घेता येते, फ्रेम आखूड करता येत नाही. आणि सीटवर बसून पाय टेकले म्हणजे साइज बसली हे गणितच चुकीचंय, रोड बाइकला सीट योग्य उंचीला असली की बसल्या जागेवरून जेमतेम चवडा टेकतो, थांबताना सीटवरून पुढं उतरून उभं राहायचं असतं. तुमची सीट त्याने खाली केली म्हणजे गुडघ्याची वाट लावायची सोय केली.

आधी माप घ्या. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभ्या राहा, पायात वीतभर अंतर, एक जाड पुस्तक मांड्यांमध्ये धरून वर दाबा, सीटवर बसल्यावर दाब येतो तेवढं, पुस्तकाची कड भिंतीला चिकटलेली पाहिजे म्हणजे तिरकं होत नाही. जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा, तीनदा मोजा, कुणाला तरी टेप धरायला लावा. हा तुमचा इनसीम. त्याला ०.८८३ ने गुणलं की बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे जिथं फिरतात तो भाग) मध्यापासून सीटच्या वरपर्यंतची उंची अंदाजे येते, तीनदा टूर द फ्रान्स जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावाने हे गणित ओळखतात. ०.६५ ने गुणलं तर जुन्या पद्धतीच्या, वरची नळी आडवी असलेल्या फ्रेमचा साइज येतो. मोजून इथं टाका.

बाळीवेस_७००:
अंगठ्याचं दुखणं नुसतं फ्रेममुळं नसतंय, हँडल पण बघा. मोठ्या सायकलवर ४२ चं हँडल येतंय, तुमचे खांदे एवढे रुंद नसणार. दोन खांद्यांच्या हाडांमधलं अंतर मोजा, बहुतेक ३६-३८ निघंल, तेवढंच हँडल पाहिजे. आणि ब्रेकचा लिव्हर बोटांना पोचतोय का ते बघा. माझ्या बहिणीला लई त्रास झाला, हात लहान, ब्रेक दाबायला प्रत्येक वेळी तळवा सरकवायची. शिमानोच्या बऱ्याच लिव्हरना स्क्रू असतोय, तो फिरवला की लिव्हर हँडलजवळ येतंय. पाच मिनिटांचं काम हाय पण कुणी सांगत नाही.

विजापूररोडवाली:
मोजलं. तीनदा मोजून ७०, ७०.५, ७०. खांदे ३६. म्हणजे ०.६५ ने ४५.५ येतंय?? ५२ आणि ४५ मध्ये एवढा फरक, आणि तो दुकानदार म्हणतो एक साइज मोठी आहे फक्त.

होटगीरोडचा:
७० म्हणजे सीट साधारण ६१.८ ला येणार. आडव्या नळीच्या ५२ वर नळीवरून उभं राहायला जमिनीपासून ७७ च्या आसपास जागा लागते, तुम्ही बूट घालून ७२-७३. अचानक थांबावं लागलं तर उतरणार कुठं?

डफरीन_चौक:
वरचे दोघं बरोबर सांगतायत पण एक भर घालते, कारण मी पण १५४ आहे आणि हा घोळ मी स्वतः निस्तरलाय. ५२, ४८, एक्सएस या आकड्यांवर जाऊ नका. रेडिमेड ड्रेसवर एम लिहिलेला असला तरी दोन कंपन्यांचे एम सारखे नसतात, तसंच. जायंट कंपनीने १९९७ ला टीसीआर ही रोड बाइक आणली, माइक बरोज यांचं डिझाइन, मागं उतरती टॉप ट्यूब (सीटकडून हँडलकडं जाणारी वरची नळी), आणि मग सगळ्यांनीच तशा फ्रेम करायला घेतल्या. नळी उतरती झाली की सीट ट्यूब (सीटखालची उभी नळी) किती लांब याला अर्थ राहात नाही. त्यामुळे उतरत्या फ्रेमवर तुम्हाला उभं राहता येईलही, पण हात पोचणार का हा प्रश्न तसाच राहतो, आणि तुमची मान त्यामुळंच दुखली.

कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचा जॉमेट्री चार्ट (फ्रेमच्या मापांचा तक्ता) असतो, त्यात स्टॅक आणि रीच बघा. रीच म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून हेड ट्यूबच्या (हँडलखालची पुढची नळी) वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर, स्टॅक म्हणजे उभं. तुमच्या उंचीला मी ३५५ ते ३७० मिमी रीच शोधेन, त्याच्या वर गेलं की छोट्या स्टेमची मलमपट्टी सुरू होते. १०० मिमीचा काढून ८० चा टाकला तर ठीक, ६० वर आला की हँडल अंगावर आल्यासारखं होतं, सायकल चटकन वळते.

आता खरी गंमत टॉप ट्यूबच्या आकड्यात आहे. लहान साइजला ७०० सीचंच, म्हणजे रोड बाइकचं नेहमीचं मोठं चाक बसवायचं असतं, म्हणून कंपन्या पुढचं चाक पायाच्या वाटेतून काढायला हेड ट्यूब जास्त कलती करतात आणि सीट ट्यूब जास्त उभी, ७४.५ नाहीतर ७५ अंश. सीट ट्यूब एका अंशाने उभी केली की तुमची सीट जवळपास १ सेमी पुढं येते, आणि चार्टमध्ये टॉप ट्यूब तेवढीच आखूड दिसते. बघणाऱ्याला वाटतं एक साइज लहान, आपल्यासाठीच. पण गुडघा पेडलच्या वर नीट यावा म्हणून तुम्ही सीट परत मागं ढकलता, की हात तिथंच, आधीच्याच अंतरावर. मी अशी एक ४८ घेतली होती, कागदावर आखूड, बसल्यावर जवळच्या ५० एवढीच लांब. रीचला ही फसवाफसवी जमत नाही कारण ते सीटवरून मोजतच नाहीत. फक्त स्टॅक पण तुलना करताना जवळपास सारखा पाहिजे, हे लक्षात ठेवा.

क्रँक (पेडलचा दांडा) पण विचारा, १७० मिमी असेल तर १६५ मिळतोय का. गुडघा वर येताना पोटाशी कमी दाबला जातो, तुळजापूरच्या घाटात तुम्हाला कळेल. क्रँक ५ मिमीने लहान केला की सीट ५ मिमी वर घ्या.

विजापूररोडवाली:
किती नीट सांगितलंत ताई. पुण्यातल्याला नाही म्हणून कळवलं, जरा बडबडला. इथंच एकाकडे एक्सएस आहे, चार्ट बघितला, रीच ३६४, स्टॅक ५०५. संध्याकाळी चालवून बघितली, हुडवर (ब्रेक लिव्हरच्या वरची पकड) हात ठेवले की कोपर थोडे वाकलेले राहतात, मान नाही ताणली. पण वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागलं!! पडता पडता राहिले. फ्रेम खराब आहे का?

होटगीरोडचा:
नाही, खराब नाही. लहान फ्रेम आणि ७०० सी म्हणजे हे बऱ्याच वेळा होतंच. वेगात सायकल कलून वळते, हँडल फारसं फिरत नाही, तेव्हा लागत नाही. अगदी हळू, गर्दीत नाहीतर यू टर्न घेताना लागतं. तेव्हा पेडल मारू नका, ज्या बाजूला वळताय त्याच्या उलटा पाय मागं ठेवा आणि नुसती गडगडू द्या. होम मैदानावर सकाळी अर्धा तास आठ आकडा काढा, अंगवळणी पडतं. मडगार्ड लावणार असाल तर मात्र आधी लावून बघा, जागा अजून कमी होते.

बाळीवेस_७००:
६५०बी, म्हणजे ७०० सीपेक्षा लहान चाकाच्या लहान फ्रेम पण असतात बाहेर, त्यात पाय लागत नाही. मिळाली तर चांगलंच, ५८४ चा रिम म्हणजे २७.५ ची ट्यूब बसतीय, ती कुठं पण मिळतीय. फक्त जुनी ६५०सी कुणी गळ्यात मारली तर घेऊ नका, तो रिम ५७१ चा, बाभळीचा काटा घुसला आणि टायर चिरला तर आपल्याकडं टायर कुठून आणणार.

डफरीन_चौक:
३६४ आणि ५०५ चांगलंय, घेऊन टाका. स्टेम कितीचा आहे आत्ता?

विजापूररोडवाली:
९० चा. हँडल ४० चं आहे, ३६ चं मागवतेय. सीट ६१.८ ला लावून काल सैफुलपर्यंत जाऊन आले, कंबर डोलत होती म्हणून ४ मिमी खाली घेतली, आता बरोबर वाटतंय. रविवारी तामलवाडीपर्यंत जाऊन बघते, मग तुळजापूर.